कोळ्याला नाव नाही

(वस्तीतल्या अभ्यासवर्गात, परीक्षेला बसणाऱ्या पोरापोरींपुढं केलेलं भाषण)

दोस्तहो,

तुमची चाचणी परीक्षा तोंडावर आलीय. कुणाला संस्कृतला शाकुंतल आहे, कुणाला इंग्रजीत ज्युलिअस सीझर, कुणाला मराठीत एखादा नाट्यप्रवेश. अभ्यासवर्गाचे दोस्त मला म्हणाले, पोरं नाटक नुसतं पाठ करतात, समजून घेत नाहीत, जरा बोल त्यांच्याशी. आता मी काय प्राध्यापक नाही. माझं शिक्षण दहावी, म्हंजे आपल्या आज्यांच्या भाषेत मॅट्रिक. दिवसा गोदीत बोटीच्या पोटातून माल काढतो आणि रात्री जागून कविता लिहितो. तरी हो म्हटलं. नाटक कसं वाचावं हे सांगायला पगडी लागत नाही, डोळे आणि कान लागतात.

आधी घरातला वाद मिटवू. आपल्यातलेच काही दोस्त म्हणतात, कालिदास कशाला वाचायचा? राजे, ऋषी, आश्रम, हरणं. त्यात आपलं काय? द्या फेकून. मला त्यांचा राग कळतो. पण बाबासाहेब आठवा. त्यांना शाळेत संस्कृत शिकायचं होतं. अस्पृश्याच्या पोराला संस्कृत नाही, म्हणून फारसी घ्यावी लागली. १९०७ साली ते मॅट्रिक झाले ते फारसी घेऊन. पुढं संस्कृत त्यांनी स्वतःच्या मेहनतीनं मिळवलं आणि १९४६ साली ‘शूद्र कोण होते?’ हा सवाल त्यांच्याच ग्रंथांची पानं उलटून विचारला. जे त्यांना वर्गात मिळालं नाही ते आज तुमच्या दप्तरात आहे. न वाचता फेकलं तर ज्यांनी ते लपवून ठेवलं होतं त्यांचंच काम तुम्ही केलंत. आणि वाचून लोटांगण घातलंत तरी त्यांचंच काम केलंत. मी म्हणतो वाचा, नीट वाचा, त्यांच्यापेक्षा नीट वाचा.

नाटक आलं कुठून हे भरताच्या नाट्यशास्त्रात पहिल्याच अध्यायात सांगितलंय. देव ब्रह्मदेवाकडं गेले आणि म्हणाले, चार वेद शूद्रांनी ऐकायचे नाहीत, तर सगळ्या वर्णांना चालेल असा पाचवा वेद कर. तो पाचवा वेद म्हंजे नाटक. ही अर्थात कथा आहे. पण कथा सांगणाऱ्यानं काय कबूल केलंय ते बघा. वेदाचं दार बंद होतं हे त्यानं लिहून ठेवलंय. आणि त्याच ग्रंथाच्या शेवटी आणखी एक कथा आहे. भरताच्या पोरांनी नाटकात ऋषींची टिंगल केली, ऋषी भडकले आणि त्यांनी शाप दिला की तुम्ही शूद्र व्हाल. सुरुवातीला शूद्रांसाठी दार उघडलं, आणि शेवटी खरं बोलणाऱ्या नटाला शूद्र केलं. एकाच पुस्तकात दोन्ही.

आता मुद्द्यावर येतो. नाटक हातात घेतलं की मी तीन सवाल विचारतो. कोण कुठल्या भाषेत बोलतो? कुणाला नाव आहे आणि कुणाला नाही? शेवटी कुणाच्या पदरात काय पडतं? हे तीन सवाल घेऊन शाकुंतल उघडा.

गाइडं म्हणतात, शाकुंतलाचे सात अंक, त्यात चौथा सगळ्यांत सुंदर. शकुंतला सासरी निघते, कण्व गहिवरतो, झाडंवेली रडतात. १७८९ साली विल्यम जोन्सनं हे नाटक इंग्रजीत नेलं आणि जर्मनीत गटेनं ते डोक्यावर घेतलं. १८८० साली अण्णासाहेब किर्लोस्करांनी पुण्यात संगीत शाकुंतल उभं केलं. हे सगळं खरं आहे. पाठ करा, मार्क मिळतील. पण मी तुम्हाला सहाव्या अंकाच्या तोंडाशी नेतो.

तिथं एक कोळी येतो. येतो कसला, त्याला आणतात. हात मागं बांधलेले, दोन शिपाई त्याला मारतायत. त्याच्याकडं राजाच्या नावाची अंगठी सापडलीय. शिपाई विचारतात, तू मोठा ब्राह्मण आहेस म्हणून राजानं तुला ही दान दिली काय? तो सांगतो, मी शक्रावताराला राहणारा कोळी आहे. दुसरा शिपाई खेकसतो, चोरा, तुझी जात कुणी विचारली? बघा हां दोस्तहो, जात त्यानं स्वतःहून सांगितली. कारण चौकीत उभं राहिल्यावर आधी काय सांगावं लागतं हे त्याच्या हाडात मुरलंय. मग तो म्हणतो, मी जाळं आणि गळ टाकून मासे धरतो, त्यावर घर चालवतो. त्यावर राजाचा मेव्हणा, जो शहरकोतवाल आहे, तो हसतो आणि म्हणतो, वा, काय पवित्र धंदा!

कोळी गप्प बसत नाही. तो म्हणतो, जन्मानं जे काम आलं ते लोकांनी नावं ठेवली तरी सोडू नये. आणि पुढं म्हणतो, वेद शिकलेला ब्राह्मण दयाळू असतो म्हणतात, पण यज्ञात पशू मारताना तोही क्रूर होतोच की.

इथं थांबा. परीक्षेच्या आधी ह्या दोन वाक्यांवर रात्र घालवा. दुसरं वाक्य म्हंजे बांधलेल्या हातांनी मारलेली थप्पड आहे. माझा धंदा घाण आणि तुमचा यज्ञ पवित्र, का? जीव दोन्हीकडं जातो. पण पहिलं वाक्य कुणाचं? जन्माचं काम सोडू नये, हे कोळी बोलतोय की कोळ्याच्या तोंडून राजदरबार बोलतोय? मला वाटतं कालिदासानं त्याच्या एका हातात दगड दिला आणि दुसऱ्या पायात बेडी ठोकली. दोन्ही एकाच श्लोकात. आपण दगड उचलायचा आणि बेडी ओळखायची. ह्याला मी नाटक समजणं म्हणतो.

पुढं काय होतं? अंगठी रोहित माशाच्या पोटात सापडली हे खरं निघतं. राजाला ती बघून शकुंतला आठवते. जी बाई पोटुशी होऊन समोर उभी राहिली, तिच्यावर ह्या राजाचा विश्वास बसला नव्हता, अंगठीवर बसला. शास्त्री म्हणतील, दुर्वासाचा शाप होता. असेल. पण शापाची खूण बाईच्या शब्दात ठेवली नाही, सोन्यात ठेवली, हे कुणी ठरवलं?

कोळी सुटतो. राजा अंगठीच्या किमतीएवढं बक्षीस देतो. लगेच शिपायांचे डोळे फिरतात. मघाशी ज्याला फासावर चढवायला हात शिवशिवत होते, त्याच्या बक्षिसाकडं जळून बघतात. कोळी शहाणा आहे. म्हणतो, ह्यातलं अर्धं तुमच्या फुलांना घ्या. कोतवाल म्हणतो, आता तू माझा जिगरी दोस्त, चल, दारूच्या गुत्त्यावर दोस्ती पक्की करू. ह्याला आजच्या भाषेत काय म्हणतात ते ह्या वस्तीत मी कुणाला शिकवायला नको. आमच्या गोदीच्या गेटवर पाळी सुटल्यावर डब्याची झडती होते. बोटीच्या पोटातून लाखांचा माल ज्यानं काढला त्याच्या डब्यात हात घालून बघतात की भाकरीखाली काय आहे. म्हणून हा प्रवेश मला गाइडाशिवाय समजला. पूर्ण नाटक ज्या अंगठीवर फिरतं ती ह्या माणसानं काढली, आणि एवढं झाल्यावर तो जो जातो तो परत रंगमंचावर दिसत नाही. दोन शिपायांना नावं आहेत, सूचक आणि जानुक. कोळ्याला नाव नाही.

आता भाषा बघा. दुष्यंत आणि कण्व संस्कृत बोलतात. शकुंतला ऋषीच्या आश्रमात वाढली, तरी ती प्राकृत बोलते, कारण ती बाई आहे. तिच्या सख्या प्राकृत बोलतात. विदूषक जातीनं ब्राह्मण, पण हसवणारा, म्हणून तोही प्राकृत. कोळी आणि शिपाई बोलतात ती मागधी. तिच्यात ‘र’चा ‘ल’ होतो, ‘स’चा ‘श’ होतो. दरबारात बसलेल्यांना ते ऐकून हसू यावं अशी सोय. हे आपोआप झालेलं नाही. कुठल्या पात्रानं कुठली भाषा बोलायची हे नाट्यशास्त्रात वाटून दिलंय. सहाव्या अंकाच्या आधीच्या ह्या छोट्या प्रवेशाला ‘प्रवेशक’ म्हणतात, आणि प्रवेशकाची व्याख्याच अशी की त्यात ‘नीच पात्रं’ असतात. हा शब्द माझा नाही, शास्त्राचा आहे. परीक्षेत व्याख्या विचारली तर तो शब्द तसाच लिहा, आणि खाली एक ओळ आपली लिहा.

हिंदी सिनेमात कामवाली बाई आणि हवालदार ह्यांच्या तोंडी मराठी का घालतात, ह्याचं उत्तर आता तुम्हाला देता येईल. ती जुनी वाटणी आहे, नवा पडदा आहे.

आणि खरी गंमत पुढं आहे. ह्या नाटकांत बायका जी गाणी म्हणतात, ती महाराष्ट्री प्राकृतात असतात. पाचव्या अंकाच्या सुरुवातीला हंसपदिका पडद्याआड गाते, राजानं एकदा प्रेम करून विसरल्याची तक्रार करते, ते गाणं महाराष्ट्रीत. महाराष्ट्री म्हंजे आपल्या मराठीची आज्जी. ‘हस्त’चा ‘हत्थ’ झाला आणि ‘हत्थ’चा ‘हात’. ‘कर्म’चं ‘कम्म’ झालं आणि ‘कम्म’चं ‘काम’. ‘अद्य’चं ‘अज्ज’ आणि ‘अज्ज’चं ‘आज’. म्हंजे आज हातानं काम करतो हे वाक्य जे आपण बोलतो ते राजाच्या तोंडून आलेलं नाही, बाईच्या आणि कोळ्याच्या बाजूनं आलंय. २०२४ साली केंद्र सरकारनं मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला. सोबत पाली आणि प्राकृतलाही दिला. मराठीसाठी जो दावा मांडला त्यात महाराष्ट्री प्राकृत आणि तिच्यातली गाथासप्तशती पुढं केली होती. वाजत गाजत मिरवणुका निघाल्या. पण ज्यांना नाटकात ‘नीच’ म्हटलं त्यांच्या बोलीवरून आपली भाषा अभिजात ठरली, हे त्या मिरवणुकीत कुणी बोललेलं मी ऐकलं नाही.

वर्गात मात्र काय होतं? छापील पुस्तकात प्राकृत वाक्याखाली त्याचं संस्कृत रूपांतर देतात. त्याला ‘छाया’ म्हणतात. पोरं प्राकृत सोडून छाया पाठ करतात, सरही म्हणतात, तेवढंच करा. म्हंजे शकुंतलेच्या तोंडचे तिचे शब्द जातात आणि पंडिताचे राहतात. ज्यांच्या सावलीचा पुण्यात पेशवाईत विटाळ होत होता, त्यांच्या बोलीवरच संस्कृतची सावली पाडून ठेवलीय. माझं सांगणं साधं आहे. छाया पाठ करा, ती परीक्षेला लागते. पण आधी वरची प्राकृत ओळ मोठ्यानं वाचा. दोनचार शब्द आपल्या आयांच्या बोलण्यातले सापडतील.

दुसरं नाटक मृच्छकटिक. शूद्रकाचं, दहा अंकी. संस्कृत नाटकांत प्राकृताच्या सगळ्यांत जास्त तऱ्हा ह्यात आहेत असं अभ्यासक सांगतात. गरीब झालेला ब्राह्मण चारुदत्त आणि गणिका वसंतसेना ह्यांची प्रेमकथा, हे गाइडाचं उत्तर. आपले तीन सवाल लावा म्हंजे स्थावरक दिसेल. स्थावरक हा शकाराचा गुलाम, गाडी हाकणारा. आठव्या अंकात शकार त्याला म्हणतो, वसंतसेनेला मार. सोन्याचं आमिष दाखवतो, मारतो. स्थावरक म्हणतो, मालक, माझ्या शरीरावर तुमची सत्ता आहे, चारित्र्यावर नाही. सगळ्या नाटकात एवढं ताठ वाक्य ब्राह्मण नायकालाही मिळालेलं नाही. दहाव्या अंकात चारुदत्ताला सुळाकडं नेतात तेव्हा हाच गुलाम बेड्यांसकट वरून उडी टाकतो आणि खरं काय ते ओरडून सांगतो. शकार म्हणतो, हा चोर आहे, मी मारलं म्हणून खोटं बोलतोय. झालं, कुणी ऐकत नाही. स्थावरक म्हणतो, गुलामी अशी असते, खरं बोललं तरी कुणाला पटत नाही. ह्या देशात किती खटल्यांत किती साक्षीदार असे परत फिरले असतील, विचार करा.

चारुदत्ताला नेणारे दोन चांडाळ आहेत. ते म्हणतात, आम्ही चांडाळाच्या कुळात जन्मलो खरे, पण आम्ही चांडाळ नाही. सज्जनाला छळतात ते पापी, ते चांडाळ. जन्मावरून जात ठरत नाही, कृत्यावरून ठरते, हे इतक्या जुन्या नाटकात चांडाळाच्या तोंडी आहे. शाब्बास शूद्रका. पण तिसरा सवाल विसरू नका, शेवटी पदरात काय? नाटकाच्या शेवटी क्रांती होते, जुना राजा मारला जातो आणि गवळ्याचा पोरगा आर्यक राजा होतो. बक्षिसं वाटतात. स्थावरकाची गुलामी सुटते. वसंतसेनेला ‘वधू’ हा मान मिळतो. आणि त्या दोन चांडाळांना? त्यांना सगळ्या चांडाळांचं मुख्य करतात. राज्य उलटलं, उतरंड तशीच राहिली. मजुराला मुकादम केलं आणि टोळीला सांगितलं, बघा, तुमचा माणूस वर गेला. हे आपल्या चळवळीनंही नीट वाचावं असं पान आहे.

इंग्रजीवाल्यांनी वाटून घेऊ नये की हे संस्कृतपुरतं आहे. ज्युलिअस सीझर उघडा. पहिला प्रवेश कुणाचा? सीझरचा नाही, ब्रूटसचा नाही. रोमच्या रस्त्यावर एक सुतार आणि एक जोडे सांधणारा उभे आहेत आणि दोन अधिकारी त्यांना झापतायत. कामाच्या दिवशी धंद्याची खूण अंगावर न घेता रस्त्यावर आलात कसे? रोममध्ये आपल्यासारखी जात नव्हती. पण धंदा अंगावर दिसला पाहिजे, ही जरब तिथंही होती. जोडे सांधणारा घाबरत नाही. इंग्रजीत जोड्याच्या तळाला ‘सोल’ म्हणतात आणि आत्म्यालाही ‘सोल’. तो म्हणतो, मी बिघडलेले ‘सोल’ दुरुस्त करतो. अधिकाऱ्याला कळत नाही, बघणाऱ्याला कळतं.

पुढं तिसऱ्या अंकात ब्रूटस आणि अँटनी ह्याच लोकांपुढं भाषणं करतात. ब्रूटस गद्यात बोलतो, अँटनी पद्यात. ब्रूटस डोक्याला हात घालतो, अँटनी काळजाला आणि खिशाला. सीझरच्या मृत्युपत्रात माणशी ७५ द्राख्मा आहेत हे तो आधी लपवतो आणि मग काढतो. निवडणुकीच्या आदल्या रात्री वस्तीत काय वाटलं जातं ते ज्यानं बघितलंय त्याला हा प्रवेश लवकर समजतो. लोक पेटतात आणि वाटेत एक कवी सापडतो, सिन्ना. कटवाल्याचं नाव तेच म्हणून त्याला धरतात. तो ओरडतो, मी कवी सिन्ना आहे. ते म्हणतात, मग तुझ्या भिकार कवितांसाठी फाडतो. मी कवी आहे, मला हा प्रवेश वाचून धडकी भरली. पण शेक्सपिअरलाही एक सवाल विचारा. ह्या लोकांना त्यानं नावं का दिली नाहीत? पहिला नागरिक, दुसरा नागरिक, तिसरा नागरिक. नावाशिवायची गर्दी लिहिली की ती मूर्ख आहे असं दाखवणं सोपं जातं.

आणि जे नाटक तुमच्या चाचणीत बहुतेक येणार नाही, तेही घरी वाचा. जोतिबांचं ‘तृतीय रत्न’, १८५५ सालचं. एक जोशी कुणब्याच्या गरोदर बायकोला ग्रहांची भीती घालतो आणि त्या गरीब जोडप्याला लुटतो. ह्यातही विदूषक आहे, पण तो राजाला हसवत नाही, मधे येऊन लोकांना लबाडी उघडी करून सांगतो. जोतिबांनी हे दक्षिणा प्राइझ कमिटीकडं पाठवलं, कमिटीनं नाकारलं. ते छापून यायला १९७९ साल उजाडलं. शेवटी कुणबी आणि त्याची बायको शिकायला निघतात, जोतिबा आणि सावित्रीमाईंच्या रात्रीच्या शाळेत. इथं पदरात पडलेली गोष्ट म्हंजे पाटी.

आता पेपर. तुम्ही म्हणाल, हे सगळं लिहिलं तर तपासणारा मार्क देईल का? देईल, जर पुरावा दिलात तर. नुसतं ‘हे मनुवादी नाटक आहे’ असं लिहाल तर शून्य मिळेल, आणि मिळायलाच पाहिजे, कारण ते वाचल्याचा पुरावा नाही. असं लिहा. आधी जे विचारलंय त्याचं सरळ उत्तर. अंक कितवा, कोण कुणाला, कुठल्या प्रसंगी बोलतो. मग कथानकात त्याचं काम काय. अंगठी सापडली नसती तर राजाला आठवलं नसतं, म्हणून कोळ्याचा प्रवेश हा कथेचा सांधा आहे, हे दोन ओळींत. मग भाषा, मागधी का. आणि शेवटी दोन ओळी तुमच्या. पात्राचं स्वभावचित्र विचारलं तर ‘उदात्त, धीरोदात्त, प्रेमळ’ अशी विशेषणांची माळ लावू नका. पात्र काय करतं ते लिहा. एका विशेषणाला एक प्रसंग जोडा. प्रसंग नसेल तर विशेषण खोडा.

आणि एकट्यानं वाचू नका. नाटक गप्प वाचायला लिहिलेलं नाही. चौघं बसा, पात्रं वाटून घ्या, मोठ्यानं वाचा. एक नियम ठेवा. ज्याला रोज राजा व्हावंसं वाटतं त्याला शिपाई द्या, आणि कोळ्याचं काम सगळ्यांनी एकदा तरी करा. बहिणींनो, तुम्ही शकुंतलाच वाचायची असं काही नाही, दुष्यंत वाचा, पाचव्या अंकात त्याला किती सहज नाकारता येतं ते तुमच्या तोंडातून ऐकू द्या आम्हाला. ज्यांच्या घरी बोलायलाही जागा नाही, त्यांनी रविवारी पाच वाजता इथं यावं. माझी पहिली पाळी असली तर मी येतो. सहाव्या अंकापासून सुरू करू.

मार्क मिळवा. भरपूर मिळवा. आपल्याला त्यांची गरज नाही असं बोलणाऱ्याचं पोट भरलेलं असतं. पण पेपर देऊन बाहेर आलात की त्या कोळ्याला विसरू नका. त्याला नाव नाही. द्यायचं असेल तर तुम्ही द्या.

जय भीम.